आठ आठवडे आणि त्रेचाळीस ओळी: इंटर्नशिपच्या अहवालात काय लिहावे?

प्रश्न
विद्यार्थिनी, संगणक अभियांत्रिकी, पुणे

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर जून आणि जुलै असे आठ आठवडे मी पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप केली. आता महाविद्यालयात अहवाल सादर करायचा आहे, शिवाय पुढच्या महिन्यात प्लेसमेंटच्या मुलाखती सुरू होत आहेत. या दोन्ही ठिकाणी काय सांगावे, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे. वर्गातील एका मैत्रिणीने तिच्या कंपनीत संपूर्ण मोबाइल ॲप तयार केले, एका मित्राने चॅटबॉट केला. माझा मर्ज झालेला, म्हणजे कंपनीच्या मुख्य कोडमध्ये सामील झालेला कोड मात्र, त्याच्या टेस्ट (तो बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) धरूनही, केवळ त्रेचाळीस ओळींचा आहे.

ही कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी सभासदनोंदणी, ठेवी आणि कर्जखाती सांभाळणारी प्रणाली पुरवते. सर्व्हरचा भाग जावामध्ये लिहिलेला आहे, डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे आणि प्रणाली दहा-बारा वर्षांपासून वापरात आहे. पहिल्या आठवड्यात हा प्रकल्प माझ्या लॅपटॉपवर चालेचना. बिल्ड करताना येणारी त्रुटी मी इंटरनेटवर शोधत राहिले, दोनदा सगळे पुसून नव्याने उतरवून घेतले, आणि मार्गदर्शकांना विचारण्याचा संकोच वाटल्यामुळे चार दिवस तशीच बसून राहिले. रोज सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे चमूच्या छोट्या बैठकीत, ‘सेटअप सुरू आहे’ एवढेच सांगत असे. पाचव्या दिवशी ते स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसले आणि लॅपटॉपवर जावाची नवी आवृत्ती आहे, प्रकल्पाला मात्र जुनी लागते, हे त्यांनी दहा मिनिटांत दाखवून दिले. त्यानंतरचे दोन आठवडे कोड वाचण्यात आणि असलेल्या टेस्ट चालवून पाहण्यात गेले.

चौथ्या आठवड्यात मला पहिले तिकीट, म्हणजे सोडवायची नोंदवलेली तक्रार, मिळाली. सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या लिपिकांनी कळवले होते की पत्त्यात ‘कऱ्हाड’ असलेले सभासद शोधले असता काहींची नावे येतात आणि काहींची येतच नाहीत. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे संस्थेला बंधनकारक असल्यामुळे ऑगस्टमध्ये गावनिहाय याद्या काढून नोटिसा छापायच्या होत्या. यादीत नाव आले नाही, तर त्या सभासदाला नोटीसच जाणार नव्हती.

पडद्यावर दोन्ही नोंदींतील ‘कऱ्हाड’ तंतोतंत सारखे दिसत होते. मी जवळजवळ एक आठवडा शोधाच्या क्वेरीतच (डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नातच) चूक शोधत राहिले. शेवटी, दुसरे काही सुचेना म्हणून, सापडणाऱ्या आणि न सापडणाऱ्या अशा दोन नोंदींमधील त्या शब्दाची लांबी बाइटमध्ये छापून पाहिली. एकीकडे १८ आले आणि दुसरीकडे २१. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजेच दुसऱ्या शब्दात डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह जास्त होते. मग अक्षर-अक्षर सुटे करून पाहिल्यावर उलगडा झाला. आपला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, एकाहून अधिक मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे. दुसऱ्या मार्गात साधा र, म्हणजे ०९३०, आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्या मार्गात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह असते. संस्थेच्या जुन्या नोंदी आधीच्या फाँटमधून रूपांतरित करून आणलेल्या होत्या, नव्या नोंदी वेगवेगळ्या कळफलकांवरून भरलेल्या होत्या, आणि त्यामुळे एकाच गावाचे नाव डेटाबेसमध्ये तीन रूपांत साठलेले होते.

माझा पहिला उपाय मार्गदर्शकांनी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कोड तपासताना, परत पाठवला. शोधण्यापूर्वी अदृश्य जोडचिन्ह आणि नुक्ता काढून टाकायचा आणि ऱ चा र करायचा, असे मी केले होते. तिन्ही रूपे एक होत होती आणि माझ्या सर्व टेस्ट उत्तीर्ण होत होत्या. त्यांनी त्या ओळीखाली एवढेच लिहिले: ‘दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द या कोडमधून काढून पाहा.’ दोन्हींचे उत्तर एकच येत होते. समुद्र आणि डोंगरांमधल्या दऱ्या यांतला फरक मी पुसून टाकला होता. नंतर तीन दिवस खपून मी दुसरा उपाय लिहिला, ज्यात आधी युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने र आणि नुक्ता एकत्र करून ऱ केला जातो, आणि मग र, हलन्त व जोडचिन्ह हा क्रम आढळल्यास त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवले जातात. रफार असलेला ‘र्य’ जसाच्या तसा राहतो. सातव्या आठवड्याच्या अखेरीस तो मर्ज झाला. शेवटचा आठवडा काही पडद्यांवरील मराठी मजकूर तपासण्यात आणि नोंदी लिहिण्यात गेला.

मुलाखतीत ‘आठ आठवड्यांत तुम्ही काय केले’ असे विचारल्यावर ‘एक बग दुरुस्त केला’ हे उत्तर फारच तोकडे वाटणार नाही का? अहवालाची किमान पाने भरण्याइतके हे काम आहे का? वाया गेलेला पहिला आठवडा आणि परत आलेला पहिला उपाय यांचा उल्लेख करावा की टाळावा? ज्यांनी मुलाखती घेतल्या आहेत किंवा अहवाल तपासले आहेत, त्यांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.


उत्तर १
सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी, १४ वर्षांचा अनुभव

मी गेली काही वर्षे नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो, त्यामुळे त्याच बाजूने लिहितो. तुमच्या मैत्रिणीचे ॲप आणि तुमच्या त्रेचाळीस ओळी यांची तुलना तुम्ही ओळींच्या मोजपट्टीने करत आहात, आणि ती मोजपट्टी आमच्या व्यवसायात कोणीही वापरत नाही. दोन महिन्यांत रिकाम्या जागी उभे केलेले ॲप बहुतेक वेळा इंटर्नशिप संपताच बाजूला पडते. दहा-बारा वर्षे वापरात असलेल्या प्रणालीत, जिच्यात लोकांच्या ठेवी आणि कर्जे नोंदलेली आहेत, नव्या मुलीचा कोड मर्ज होणे याचा अर्थ कोणीतरी जबाबदार माणसाने तो वाचून त्याखाली आपले नाव घातले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात तुम्हाला हेच काम करावे लागणार आहे: दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा, बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचे आणि चालू असलेले काही मोडू न देता तेवढीच जागा बदलायची.

मुलाखतीत सुरुवात तंत्रज्ञानाच्या नावांपासून करू नका. ‘मी जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेएसक्यूएलवर काम केले’ हे वाक्य मी एका दिवसात आठ-दहा वेळा ऐकतो आणि त्यातून मला काहीही कळत नाही. सुरुवात त्या लिपिकांपासून करा. नोटिसा छापायच्या आहेत, यादी अपुरी येते, आणि पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, एवढे सांगितलेत की समोरचा माणूस सरसावून बसेल, कारण आता त्यालाही कारण जाणून घ्यायचे आहे. मग १८ आणि २१ या आकड्यांवर या. मला विचाराल तर तुमच्या आठ आठवड्यांतील सर्वांत मोलाचा क्षण तो आहे, कारण तोपर्यंत तुम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवत होतात आणि तिथून पुढे मोजायला लागलात. कागद मिळाला तर तीन रूपांतील ‘कऱ्हाड’ चिन्हे सुटी करून लिहून दाखवा: पहिल्यात सहा चिन्हे, उरलेल्या दोन्हींत सात-सात.

पहिल्या आठवड्याबद्दल मात्र मी थोडे कठोर बोलणार आहे. चार दिवस न विचारता बसणे ही चूक होती आणि ती तुमच्या मार्गदर्शकांचीही होती. ज्या स्टँडअपमध्ये एखादी मुलगी सलग तीन दिवस ‘सेटअप सुरू आहे’ म्हणते, तिथे तिसऱ्या दिवशीच कोणीतरी तिच्या शेजारी जाऊन बसायला हवे. तरीही पुढच्या नोकरीत असे मार्गदर्शक मिळतीलच असे नाही, म्हणून विचारण्याची रीत आत्ताच लावून घ्या. आमच्या चमूत नव्या मुलांना मी सांगतो की एका अडचणीवर दीड-दोन तास गेले आणि नवे काही कळलेले नसेल, तर लिहून विचारायचे: काय करायचे होते, कोणती आज्ञा चालवली, त्रुटीचा मजकूर काय आला आणि तोवर कोणकोणत्या शक्यता तपासून बाद केल्या. असे लिहिलेल्या प्रश्नाचा कोणालाही त्रास वाटत नाही. पुष्कळदा तो लिहीत असतानाच उत्तर सापडते. मुलाखतीत हा आठवडा आपण होऊन काढायची गरज नाही. चूक विचारली तर मात्र तीच सांगा.

आता तुमच्या दुरुस्तीबद्दल दोन शंका आहेत, आणि मुलाखतीतही त्या निघतील. पहिली शंका अशी की तुम्ही साठवलेल्या नोंदीच बदलल्या की त्या तशाच ठेवून शोधापुरते वेगळे रूप तयार केले? दुसरी शंका तुमच्या परत आलेल्या उपायाची बाजू घेणारी आहे. अनेकांना कळफलकावर ऱ कसा काढायचा हे माहीत नसते आणि ते सरळ रफार देऊन ‘कर्हाड’ लिहितात. शोधणाऱ्याने तसे लिहिले, तर तुमचा आताचा काटेकोर कोड त्याला काहीच दाखवणार नाही. दर्या आणि दऱ्या यांत फरक राहिलाच पाहिजे हे भाषेच्या दृष्टीने शंभर टक्के खरे आहे, पण शोधाच्या खिडकीत थोडी सैल जुळणी लोकांच्या उपयोगी पडते. यावर तुमच्या मार्गदर्शकांशी बोलणे झाले होते का?


उत्तर २
चौथे वर्ष, माहिती तंत्रज्ञान, सोलापूर

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला राहवले नाही. गेल्या उन्हाळ्यात मीही इंटर्नशिप केली, पण तिच्यासाठी मला सहा हजार रुपये भरावे लागले होते. संस्थेचे नाव इथे देत नाही. नोंदणी केल्यावर ध्वनिचित्रफितींची एक यादी मिळाली, तीन प्रकल्पांचे विषय मिळाले आणि प्रत्येक प्रकल्पाचा कोड कुठून तरी उतरवून एका दुव्यावर चढवायचा होता. मी पहिला प्रकल्प स्वतः लिहिला. रात्री जागून केलेला तो कोड कोणी उघडूनही पाहिला नाही, हे मला महिनाअखेरीस कळले, कारण माझ्या मित्राने चुकून रिकामी फाइल चढवली होती आणि त्यालाही ‘उत्कृष्ट’ असा शेरा असलेले तेच प्रमाणपत्र मिळाले. घरी वडिलांना ते प्रमाणपत्र दाखवताना मला फार वाईट वाटले होते. ते रिक्षा चालवतात आणि ते सहा हजार त्यांनी दोन हप्त्यांत दिले होते.

म्हणून सांगतो, तुमच्या पहिल्या उपायाखाली कोणीतरी ‘दर्या आणि दऱ्या’ असे लिहिले, हीच मला तुमच्या आठ आठवड्यांतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तुमच्या सरांना तो कोड तसाच मर्ज करता आला असता, टेस्ट तर उत्तीर्ण होतच होत्या.

त्या अनुभवानंतर मी मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा, प्रकल्पांकडे वळलो. गूगल समर ऑफ कोड हा अशा प्रकल्पांत नवोदितांना काम देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवोदितांसाठीही खुला आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्यात निवड झाली नाही तरी त्या प्रकल्पांत काम करायला कोणाची परवानगी लागत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माझी निवड झाली नव्हती. तरी त्यांच्यापैकी एका प्रकल्पात मी दस्तऐवजातील एक चूक दुरुस्त केली आणि मग एक लहानसा बग. दुसऱ्या वेळी माझा कोड तीनदा परत आला. प्रत्येक वेळी परक्या देशातील एका अनोळखी माणसाने कारण सविस्तर लिहिले होते, आणि त्यासाठी मला एक रुपयाही द्यावा लागला नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे भरून इंटर्नशिप घेण्यापूर्वी ‘माझा कोड कोण वाचणार आहे’ हा एकच प्रश्न त्या संस्थेला लेखी विचारा, आणि त्याचे नेमके उत्तर आले नाही तर पैसे भरू नका.


उत्तर ३
प्राध्यापिका, संगणक विभाग, नाशिक

मी दरवर्षी पन्नासच्या आसपास इंटर्नशिप अहवाल तपासते. पहिली बारा-पंधरा पाने कंपनीचा इतिहास, तिची उद्दिष्टे, संचालकांचा संदेश आणि प्रत्येक तंत्रज्ञानाची कुठून तरी उतरवून घेतलेली व्याख्या यांत गेलेली असतात. ‘जावा ही एक वस्तुनिष्ठ संगणकीय भाषा आहे’ हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही. विद्यार्थ्याने स्वतः काय केले, हे शेवटच्या दोन पानांवर येते आणि तेही ‘मला खूप काही शिकायला मिळाले’ अशा वाक्यात संपते. तुम्ही वर प्रश्नात जे लिहिले आहे, ते एवढ्याच सरळपणे लिहिलेला अहवाल माझ्याकडे आला, तर पानांची संख्या मोजायचे मला सुचणारही नाही. तुमच्या महाविद्यालयाने किमान पाने ठरवून दिलेली असतील, तर तीही भरतील, कारण सांगण्यासारखे तुमच्याकडे पुष्कळ आहे.

उत्तर १ मधील अभियंत्यांशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. मुलाखत वीस-तीस मिनिटांची असते, तिथे पहिला आठवडा वगळणे समजू शकते. अहवालातून मात्र तो वगळू नये. जावाच्या आवृत्तीची अडचण, चार दिवसांत करून पाहिलेले प्रयत्न आणि शेवटी सापडलेले कारण एका परिच्छेदात लिहा, आणि त्याच अडचणीत पुढच्या वर्षीची मुले अडकू नयेत म्हणून कंपनीच्या सेटअपच्या सूचनांत तुम्ही काही भर घातली असेल तर तीही नमूद करा. घातली नसेल, तर अजूनही त्यांना पाठवता येईल. परत आलेला उपाय तर सविस्तर यायलाच हवा. आपल्याकडे प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग निरीक्षणे जुळवून घेण्याची सवय शाळेपासून लागते, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षापर्यंत ती सुटत नाही. चुकीचा उपाय, त्याच्या उत्तीर्ण झालेल्या टेस्ट, आणि तरीही तो चुकीचा का होता याचे कारण, हे तिन्ही एका पानावर शेजारी-शेजारी मांडलेत तर टेस्ट कशाला म्हणतात हे तुम्हाला समजले आहे, याची परीक्षकाला खात्री पटेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही तिथे द्या. एकात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. मराठी न येणाऱ्या बाह्य परीक्षकालाही ती एका वाक्यात समजावता येते.

एका बाबतीत सावध राहा. पतसंस्थेची प्रणाली म्हणजे लोकांची नावे, पत्ते आणि पैशांचे व्यवहार. अहवालात पडद्याचे चित्र देण्याचा मोह होईल, पण खऱ्या सभासदाची एकही ओळ त्यात दिसता कामा नये. चित्र हवेच असेल तर काल्पनिक नोंदी घालून ते नव्याने काढा. कंपनीचा कोड जसाच्या तसा छापू नका. तुमची पद्धत स्वतंत्र, लहान उदाहरणातून दाखवा, आणि अहवाल सादर करण्याआधी तुमच्या मार्गदर्शकांना वाचायला देऊन त्यांची लेखी संमती घ्या. मागे एका विद्यार्थ्याच्या परिशिष्टात एका संस्थेच्या डेटाबेसचा पासवर्ड छापून आला होता. तो अहवाल विभागाच्या ग्रंथालयात ठेवण्याआधी आम्हाला ते पान काढावे लागले.

तुम्ही रोजची नोंद ठेवली होती का? तारखांनिशी ठेवली असेल तर अहवालाचा कणा तयारच आहे.


उत्तर ४
मराठी संगणन, हौशी कार्यकर्ता, ठाणे

अहवालाबद्दल वरील दोघांनी लिहिले आहेच. मी फक्त त्याच प्रणालीत तपासून पाहण्याजोगी एक जागा सुचवतो, कारण ती तुमच्या बगची सख्खी बहीण आहे. सभासद क्रमांकाच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक भरले तर काय होते, ते पाहा. जावामधील पूर्णांक वाचणारी नेहमीची आज्ञा ‘१२’ हे देवनागरी अंक विनातक्रार स्वीकारते, कारण ती युनिकोडमधील अंकाचे मूल्य पाहते. त्याच जावातील रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर ठरावीक साच्याशी जुळवून पाहण्याच्या सोयीत) अंकासाठी असलेले चिन्ह मात्र मुळात 0 ते 9 हे इंग्रजी अंकच ओळखते, आणि ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला तर ‘१२’ ही संख्याच वाटत नाही. म्हणजे एकच क्रमांक एका ठिकाणी चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारला जातो. याची एक टेस्ट लिहून कंपनीला पाठवलीत तर त्यांना ती नक्की उपयोगी पडेल.

काटेकोर आणि सैल जुळणीबद्दल उत्तर १ मध्ये जे म्हटले आहे, ते मला पटते. मात्र सैल जुळणीने सापडलेली नावे वेगळी, खाली दाखवावीत. दोन्ही एकत्र मिसळली तर लिपिकाला फरक कळणार नाही.


प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने आणि इतक्या तपशिलात कोणी उत्तर देईल, असे मला वाटले नव्हते. सोलापूरच्या दादांचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. माझ्या कंपनीने विद्यावेतन फार दिले नाही, पण माझ्याकडून काही घेतलेही नाही, आणि माझा कोड वाचायला एक माणूस रोज वेळ काढत होता, ही गोष्ट मी गृहीत धरून चालले होते.

उत्तर १ मधील शंकांविषयी. साठवलेल्या नोंदी आम्ही बदललेल्या नाहीत. मी सुरुवातीला बदलायला निघाले होते, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले की सभासदाचे नाव आणि पत्ता हे त्याने दिलेल्या कागदपत्रांवरून नोंदलेले असतात, त्यामुळे पडद्यावर फरक दिसत नसला तरी आपण शांतपणे त्यांना हात लावायचा नाही. म्हणून तक्त्यात शोधासाठी एक वेगळा स्तंभ वाढवला, त्यात एकरूप केलेला मजकूर भरला आणि शोध जलद होण्यासाठीचा इंडेक्स त्या स्तंभावर केला. नवी नोंद साठवताना आणि शोधाचा शब्द आल्यावर, अशा दोन्ही वेळी तेच एक फंक्शन चालते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १३ व्या आवृत्तीपासून एनएफसीसाठी तयार फंक्शन आहे, पण काही संस्थांकडे अजून त्याआधीची आवृत्ती असल्यामुळे ते काम जावातच करावे लागले. सैल जुळणीबद्दल बोलणे झाले होते. हाच स्तंभ एका व्यक्तीची दोनदा नोंदणी होत नाही ना, हे तपासण्यासाठीही वापरला जातो आणि तिथे सैलपणा चालणार नव्हता, म्हणून त्यांनी काटेकोर रूप आधी घेतले. ‘कर्हाड’ असे लिहिणाऱ्यांसाठी दुसरे तिकीट उघडलेले आहे, पण ते माझ्या वाट्याला आले नाही. ठाण्याच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे सैल जुळणीची नावे खाली वेगळी दाखवण्याची कल्पना मी त्या तिकिटात लिहायला सांगितली आहे.

मॅडम, रोजची नोंद मी ठेवली होती, पण ती अहवालासाठी नव्हती. घरी जाताना बसमध्ये वेळ जात नसे, म्हणून त्या दिवशी काय कळले नाही ते मी वहीत लिहीत असे. आज ती वही पुन्हा काढली. पहिल्या चार दिवसांची पाने त्रुटींच्या मजकुराने भरलेली आहेत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘उद्या सरांना विचारायचे’ असे लिहिलेले आहे. ती चारही पाने मी अहवालात घेणार आहे. सेटअपच्या सूचनांत जावाच्या आवृत्तीची ओळ मी तेव्हा घातली नव्हती. ती काल लिहून पाठवली आणि देवनागरी अंकांची टेस्टही सोबत जोडली. त्या टेस्टमध्ये सर्व्हरने ‘१२’ स्वीकारले, पण पडद्यावरच्या अर्जाने नाकारले, म्हणजे काकांचा अंदाज बरोबर निघाला.

अहवालाची सुरुवात मी बदलली. कंपनीची ओळख चार ओळींत संपवली आहे आणि पहिले प्रकरण त्या तिकिटाने सुरू होते. दुसऱ्या पानावर तीन ओळींत ‘कऱ्हाड’ हा शब्द चिन्हे सुटी करून मांडला आहे आणि प्रत्येकीसमोर बाइट दिले आहेत: १८, २१, २१. मसुदा मार्गदर्शकांना पाठवला होता, त्यांचे उत्तर आज सकाळी आले. पतसंस्थेचे नाव आणि कोणत्याही सभासदाचा तपशील न देता लिहायला त्यांची हरकत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट कळवली आहे. त्या लिपिकांनी नवी यादी काढून ती जुन्या हस्तलिखित सभासद-रजिस्टरशी एकेक नाव ताडून पाहिली, कऱ्हाडचे एकही नाव राहिलेले नाही, आणि नोटिसा सोमवारी छपाईला जात आहेत.